नववी अ, नववी ब आणि दोन संगणक

शाळेत नवीन यंत्र येणार असलं की ते कुठे ठेवायचं, त्याला कुलूप कोणी लावायचं आणि उद्घाटनाला कोणाला बोलवायचं, या तीन गोष्टींवर आमच्याकडे तासन्‌तास चर्चा होई. मुलं त्यातून काय शिकणार, हा प्रश्न चहा आल्यावर कोणीतरी काढी, आणि जो काढी त्यालाच समितीवर घेतलं जाई. मी असाच समितीवर गेलो.

डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवायचो. ऐंशीच्या दशकात बाजारात शिकवण्याची नवी नवी यंत्रं येऊ लागली आणि रस्त्यापलीकडच्या इंग्रजी शाळेने त्यातलं एखादं घेतलं की आमच्या संस्थेलाही ते हवंसं वाटे. ते यंत्र आपण घ्यावं की नाही हे बघून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला 'साधन परीक्षक' म्हणायचे. हे पद पगारात नव्हतं, वेळापत्रकातही नव्हतं.

काम तसं सोपं. यंत्र वर्गात चालू असताना शेवटच्या बाकावर बसायचं आणि यंत्राकडे न बघता मुलांकडे बघायचं. मूल पडद्याकडे टक लावून बघतंय म्हणजे शिकतंय असं नसतं. पंख्याकडेही ते तितक्याच एकाग्रतेने बघतं. त्याचा हात वहीकडे कधी जातो, शेजारच्याला ते काय विचारतं, चुकलं तर पुन्हा करून बघतं का, हे बघायचं. मग काही दिवसांनी यंत्र नसताना तोच प्रश्न फळ्यावर द्यायचा. एवढंच. पण हे एवढंच मी कोणाला कधी पटवू शकलो नाही.

ओव्हरहेड प्रोजेक्टर आला तेव्हा आमच्या इतिहासाच्या सरांनी सगळा अभ्यासक्रम पारदर्शक कागदांवर लिहून काढला. वर्गात अंधार करून ते एकेक कागद ठेवत आणि मुलं उतरवून घेत. "बघा भोईर, केवढी शिस्त!" मुख्याध्यापक फडके सर दारातून म्हणाले. मी शेवटच्या बाकावर होतो. मला दिसत होतं की अर्धा वर्ग झोपला आहे. टीव्ही आणि व्हीसीआर आला तेव्हा सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. पेटीची किल्ली फडके सरांकडे, कॅसेटच्या कपाटाची कारकुनाकडे. दोघंही हजर आणि वीजही हजर, असा योग जुळला की आम्ही 'पचनसंस्था' दाखवायचो, आणि योग वाया जाऊ नये म्हणून समोर येईल त्या इयत्तेला दाखवायचो. पाचवीच्या एका वर्गाने ती इतक्यांदा पाहिली की मुलं निवेदकाच्या आधी वाक्यं म्हणत. मी दर वेळी अहवाल लिहिला. दर वेळी फडके सर म्हणाले, "अक्षर छान आहे तुमचं."

मग संगणक निघाला.

संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब. माणूस मनाने चांगला, शाळेसाठी दारोदार फिरलेला, पण घाईचा. ते स्टाफरूममध्ये आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "संगणक कक्ष काढायचा. जूनच्या प्रवेशाआधी. खोली कुठली देता?"

फडके सर म्हणाले, "कोरडी, कोपऱ्यातली, दोन्हीकडून खिडक्या असलेली एकच आहे. प्रयोगशाळा."

नेमकी तीच खोली मी कोणालाही देणार नव्हतो. हे का, ते सांगायला हवं.

मी कोलशेतचा. घर खाडीवरचं. वडील मासे धरायचे आणि धंदा बसला तेव्हा तिथल्याच एका कारखान्यात लागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला पिपेट हातात दिली, म्हणजे तोंडाने द्रव ओढून मोजायची काचेची नळी. बाकीच्यांनी ती शाळेत पाहिली तरी होती. मी ती उलटी धरली. सगळं टेबल हसलं. मी पुढचे कितीतरी दिवस मागे उभा राहून दुसऱ्यांचे हात बघत होतो. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पानी मोजाला कालेजान जातंस? खाडीव ये, तितं लय पानी हाय." तीही हसली, पण ते हसणं वेगळं होतं.

शिक्षक झालो तेव्हा एकच ठरवलं होतं. माझ्या शाळेतून जाणाऱ्या मुलाने पिपेट सरळ धरलेली असेल, बर्नर स्वतः पेटवलेला असेल. आमची बहुतेक मुलं चाळींतली, आगरी-कोळी पाड्यांतली, गिरणीत आणि कारखान्यात जाणाऱ्यांची. अडगळीच्या एका खोलीत मी वर्षानुवर्षं मागे लागून कडाप्प्याची टेबलं, नळ, गॅसची जोडणी करून घेतली होती. ती खोली आता संगणकाला हवी होती.

मी उठलो. मोठ्या माणसांपुढे बोलायची मला सवय नाही. कसंबसं म्हणालो, "आधी तपासून बघू या का? उपयोग झाला तर..."

"बघा ना," अप्पासाहेब म्हणाले. "ठाण्याचा विक्रेता दोन मशीन वापरायला देतोय. नववीच्या दोन तुकड्या आहेत. एकीला मशीनवर शिकवा, एकीला नेहमीसारखं. मशीनवाली स्पष्ट पुढे गेली तर संगणक घेऊ आणि खोली देऊ. नाही गेली तर तुमची प्रयोगशाळा तुम्हाला लखलाभ. सगळ्यांसमोर शब्द देतो."

अशी ती परीक्षा ठरली. विषय गणितातले आलेख. नववी अ माझ्याकडे संगणकावर, नववी ब साळवी बाईंकडे फळ्यावर. साळवी बाई गणित उत्तम शिकवायच्या, आणि हे त्यांना माहीत होतं.

आता दोन तुकड्यांची तुलना करायची तर त्या सारख्या हव्यात, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पहिल्याच आठवड्यात 'अ'मध्ये गेलो तर पहिल्या बाकांवर 'ब'मधली सगळी हुशार मुलं.

"सर, ही मुलं इकडे कशी?"

"अहो, कोणी पाहुणे बघायला आले तर?" फडके सर म्हणाले. "मशीनपुढे जरा बरी मुलं दिसली पाहिजेत."

मी ती मुलं परत पाठवली. त्यावर पालक आले. 'ब'मधल्या एकाचे वडील, विठ्ठलवाडीला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाले, "आमच्या पोराने काय पाप केलंय? त्याला मशीन का नाही?" त्यांना समजावून बाहेर काढतो तोच 'अ'मधल्या एका मुलीची आई. "सर, त्या काचेने डोळे जातात म्हणे. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय अजून." एकाला मशीन हवं, एकीला नको, आणि दोघांनाही तुकडी बदलून हवी. हे मी साळवी बाईंना सांगायला गेलो, तर त्या माझीच वाट बघत होत्या.

"म्हणजे भोईर, माझी परीक्षा. एका डब्याशी."

"तुमची नाही हो, बाई. मशीनची."

"ते तुम्हाला वाटतं. मी हरले तर स्टाफरूममध्ये कोणाला काय वाटेल ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'ब'चा शाळेआधी जादा तास सुरू केला. मी हात जोडले. म्हटलं, बाई, असं केलंत तर तुलनेला अर्थच राहणार नाही. त्या म्हणाल्या, "मुलांना जास्त शिकवायचं नाही असा नियम आहे का शाळेत? तसं लेखी द्या."

इकडे 'अ'मध्ये वेगळीच तऱ्हा. संगणकाचा कार्यक्रम तेव्हा फ्लॉपीवर यायचा. फ्लॉपी म्हणजे पातळ काळी चौकोनी तबकडी, कागदी पाकिटात ठेवलेली. तिच्या एका कडेला लांबट खाच असते, तिथून आतली चकती उघडी दिसते आणि यंत्र तिथूनच वाचतं. म्हणून त्या जागी बोटही लावायचं नाही. विक्रेत्याने आलेखांचा तयार कार्यक्रम दिला होता. पडद्यावर प्रश्न येई, मुलं उत्तर ओरडून सांगत आणि मी कळ दाबी. उत्तर बरोबर आलं की बारीकसं 'टिक' वाजे आणि चुकलं की लांबलचक 'पूंऽऽ'. नववीतली मुलं ती. तासभर वर्गात पूंऽऽ शिवाय दुसरा आवाज नव्हता. चुकीचं उत्तर शोधायला ती जेवढी डोकी लढवत, तेवढ्यात दोन धडे झाले असते. विक्रेत्याचा माणूस बघायला आला आणि खूश होऊन गेला. "मुलं किती रमलीत!"

मी मनातून खूश होतो, हेही सांगतो. असंच चाललं तर माझी खोली वाचत होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शाळेत बाजाची पेटी, क्रिकेटच्या बॅटी, प्रयोगशाळेतला तराजू, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. फडके सर स्वतः सोवळ्याने पूजा करायचे आणि एकही वस्तू पूजेवाचून राहू द्यायचे नाहीत. त्या वर्षी संगणकही मांडले होते. मी बाहेर मुलांच्या रांगा लावत होतो. आलो तेव्हा आरती चालू होती. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, कळफलकावर अक्षता. तेवढं पुसता आलं असतं. पण शेजारी पाटावर सगळ्या फ्लॉप्या पाकिटातून काढून ओळीने लावल्या होत्या आणि प्रत्येकीच्या त्या उघड्या खाचेवर बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचा टिळा, वर एक तांदळाचा दाणा.

"सर, हे काय केलंत?"

"का? पाकिटाची कसली पूजा करायची? विद्या आत आहे," फडके सर म्हणाले. "आणि ते कपाळासारखं दिसतं ना, तिथेच लावलं."

"माझ्या कपाटातल्या जादा प्रतीसुद्धा?" एखादी बिघडली तर असावी म्हणून मी प्रत्येकीची नक्कल करून कुलपात ठेवली होती.

"हो तर! किल्ली मागवून घेतली. एकालाही वगळायचं नसतं, भोईर."

त्यांच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद होता की मला रागावताही येईना. दसऱ्यानंतर फ्लॉपी आत सारली. यंत्र खरखरलं, घशात काटा अडकल्यासारखं थांबलं. एकही चालेना. ठाण्याला विक्रेत्याकडे गेलो तर तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

म्हणजे संगणक दोन, कार्यक्रम शून्य आणि परीक्षा दिवाळीच्या आधी. फडके सर म्हणाले, "नुसतं चालू करून मुलांना दाखवा ना." मी वैतागून 'अ'मध्ये गेलो. त्या यंत्राच्या पोटातच बेसिक नावाची एक भाषा होती. फ्लॉपी नसली तरी तिच्यात सूचना टंकता येत. विक्रेत्याच्या प्रशिक्षणात मला चार गोष्टी शिकवल्या होत्या. मी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या. दर ओळीला चांदणी थोडी उजवीकडे सरकत जाते आणि पडद्यावर तिरकी रेघ तयार होते, एवढंच. म्हटलं, घ्या, टंका. आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पहिल्यांदाच मुलांचे हात कळांवर आले होते. आधी भांडणं झाली. मग सगळ्यांच्या चुका झाल्या. इथे पूंऽऽ नव्हतं. यंत्र नुसतं गप्प बसायचं आणि मुलं आपापली ओळ शोधत बसायची.

रंजना पाटील नावाची मुलगी होती. गणितात जेमतेम. आलेखाचा उतार म्हणजे काय, हे तिला मी दोनदा आणि साळवी बाईंनी आठवीत एकदा सांगितलं होतं. ती अचानक ओरडली.

"अगं ए, बघ ना! मोठा आकडा टाकला की रेघ लोळते. लहान टाकला की उभी राहते."

"शून्य टाक," शेजारची म्हणाली.

"शून्याला एकदम सरळ! खांबासारखी."

"आता उणे टाक."

"उणे घेत नाही तो. थांब. आपण वीसमधून वजा करत जाऊ. मग ती उलटी येईल."

आणि रेघ उलटी आली. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही चटकन सुचलं नसतं. ती वही ओढून घेऊन आकडा आणि रेघ, आकडा आणि रेघ असं काढत सुटली. तास संपल्याची घंटा झाली तर कोणी उठेना. मागच्या बाकावर बसून इतक्या वर्षांत जे बघायची मी वाट बघत होतो ते समोर घडत होतं, आणि मला ते नको होतं. कारण ते माझ्या खोलीच्या मुळावर येणार होतं.

परीक्षा झाली. पेपर मीच काढला, तपासला दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी. दोन्ही तुकड्या जवळजवळ सारख्या आल्या. 'अ'ने उताराचे प्रश्न चांगले सोडवले होते, पण त्यांचे बरेच दिवस पूंऽऽमध्ये गेले होते. 'ब'ला बाईंनी पहाटेपासून घासून घेतलं होतं. "बघा, मी हरले नाही," साळवी बाई म्हणाल्या आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ठरल्याप्रमाणे प्रयोगशाळा वाचली होती. मी आकडे ठेवून गप्प बसलो असतो तर कोणी काही विचारलं नसतं.

पण प्रयोगशाळेत मी मुलांना एकच नियम घालून दिला होता. प्रयोगवहीत जे दिसलं ते लिहायचं. जे यायला हवं होतं ते लिहायचं नाही. पुस्तकाशी जुळावं म्हणून कितीजणांनी आकडे फिरवले होते आणि कितीजणांची पानं मी फाडायला लावली होती! तो नियम आता माझ्यावर आला होता.

संस्थेची बैठक वरच्या सभागृहात भरली. मी अहवाल वाचू लागलो. अप्पासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"भोईर सर, एका वाक्यात सांगा. घ्यायचे की नाही?"

"घ्यावेत. पण..."

"झालं तर!" त्यांनी टेबलावर थाप मारली. तेवढ्यात चहा आला. कपबशांच्या आवाजात मी माझं 'पण' सांगत राहिलो. मार्कांत फरक नाही. तयार फ्लॉप्यांचा उपयोग नाही, मुलांनी स्वतः टंकलं तेव्हाच ती शिकली. एका यंत्रावर दोनच मुलं हवीत. आणि प्रयोगशाळेला हात लावू नये. "हे सभागृह घ्या," मी म्हणालो. "वर्षातून दोनदा उघडतं."

सगळे भिंतींकडे बघू लागले. चारी भिंतींवर देणगीदारांच्या तसबिरी होत्या.

"हे फोटो उतरवायचे?" खजिनदार म्हणाले. "यांची मुलंबाळं गावात आहेत, भोईर. येतात-जातात, बघतात."

"सर, पण ठरलं होतं ना? मशीनवाली तुकडी स्पष्ट पुढे गेली तरच..."

"अहो, मुलं मशीनमुळे शिकली असं तुम्हीच आत्ता म्हणालात ना?" अप्पासाहेब हसून म्हणाले. "हे काही आम्ही म्हटलेलं नाही. मग ठराव तुमच्याच म्हणण्याप्रमाणे होतोय की."

मी अहवाल घडी करून खिशात घातला. बाहेर साळवी बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, "गाढव आहात तुम्ही. गप्प बसायचं ना." मग म्हणाल्या, "तो उताराचा तास मला दाखवाल का एकदा?"

मे महिन्यात प्रयोगशाळा रिकामी केली. कडाप्प्याची टेबलं राहिली, कारण ती निघेनात. नळांची तोंडं सिमेंटने बंद केली. गॅसची नळी जिथून वर येई ती भोकं तशीच राहिली, त्यातून विजेच्या वायरी घेतल्या. जूनमध्ये उद्घाटन झालं. चपला बाहेर काढायच्या असा नियम झाला. यंत्रांना शिवणाच्या बाईंनी झालरीचे झगे शिवले. नव्या फ्लॉप्या आल्या आणि पुन्हा पूंऽऽ सुरू झालं. 'मुलांनी कळांना हात लावू नये, शिक्षक दाखवतील,' अशी सूचना दारावर लागली. माझ्या अहवालातलं फक्त पहिलं वाक्य त्यांनी घेतलं होतं. नव्वदनंतर ती यंत्रं जुनी झाली, दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येक वेळी समितीवर मी होतो. प्रत्येक वेळी मी मागच्या बाकावर बसून जे दिसलं ते लिहिलं. परवा घोडबंदर रोडच्या एका शाळेत नातवाच्या पालकसभेला गेलो होतो. तिथे भिंतीएवढा पडदा दाखवत होते. मी विचारलं, "मुलांचे हात कुठे असणार?" विक्रेता म्हणाला, "चांगला प्रश्न आहे, आजोबा," आणि पुढच्या चित्रावर गेला.

त्या मे महिन्यात प्रयोगाचं सामान व्हरांड्यात आलं होतं. दोन बाकं, एक बादली, स्पिरिटचे दिवे. पहिल्याच पावसाळ्यात आठवीचा वर्ग तिथे घेतला. वारा इतका की काडी पेटते न पेटते तोच विझे. आगपेटी संपत आली. मुलांनी मला न विचारताच बाकाभोवती कडं केलं, खांद्याला खांदा लावून, कोणी दप्तर आडवं धरून. आत एका मुलीने काडी ओढली आणि दिवा लागला. सगळे त्या निळ्या ज्योतीकडे बघत होते. परीक्षानळीतलं पाणी हलायला लागलं.

तेवढ्यात मागची, संगणक कक्षाची खिडकी उघडली. फडके सर.

"भोईर, अहो धूर आत येतोय! मशीन खराब होतील!"

मुलांनी माझ्याकडे बघितलं. कडं जरा सैल झालं, ज्योत आडवी झाली.

"मग खिडकी लावून घ्या, सर," मी म्हणालो.